सामाजिक हेतूने जगप्रदक्षिणा: तयारीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तयारीला किती वेळ धरावा?

स्वतःचं वाहन नेणार असाल तर दीड वर्ष. बस, रेल्वे आणि विमानाने फिरणार असाल तर आठ-दहा महिन्यांत जमतं. वेळेपेक्षा क्रमाची गडबड जास्त नडते. बहुतेक जण आधी गाडी घेतात, मग तिच्यावर लोगो रंगवतात, मग नकाशा उघडतात आणि सगळ्यात शेवटी कोणासाठी काय करायचं ते ठरवतात. खरा क्रम याच्या उलट आहे. आधी काम आणि सोबतची स्थानिक संस्था, मग त्या कामाला सोयीचा ऋतू, मग व्हिसा, आणि हे सगळं ठरल्यावर वाहन. काम उशिरा ठरलं की ते प्रवासाच्या फटींमध्ये कोंबावं लागतं, आणि तिसऱ्या महिन्यापर्यंत फक्त गाडीवरचा स्टिकर उरतो.

हेतू नेमका कसा ठरवायचा? ‘पाणी’, ‘शिक्षण’, ‘जागृती’ चालेल का?

हे विषय झाले, हेतू नव्हेत. हेतू असा लिहून पाहा: ‘मार्गावरच्या चाळीस शाळांमध्ये हात धुण्याची सोय आहे का, पाणी येतं का, साबण आहे का, याची एकाच नमुन्यात नोंद करून ती त्या त्या भागातल्या संस्थेला द्यायची.’ कुठे, काय, किती आणि पुढे ते कोण वापरणार, या चारही गोष्टी त्यात आल्या पाहिजेत. मग स्वतःलाच विचारा: आपण गेलोच नाही तर कोणाचं काय अडेल? उत्तर ‘काहीच नाही’ असेल तर वाक्य पुन्हा लिहा.

सतत पुढे सरकणाऱ्या माणसाला तीन प्रकारची कामं झेपतात. एकाच संस्थेसाठी निधी उभा करणं. लांबच्या मार्गावर एकाच पद्धतीने नोंदी घेणं, कारण ते एका जागी बसलेल्यांना जमत नाही. आणि तुम्हाला आधीपासून नीट येणारं एखादं कौशल्य तिथेच राहून काम करणाऱ्यांना शिकवणं. समुपदेशन किंवा लहान मुलांचा सांभाळ अशी ओळख मुरावी लागणारी कामं चार दिवसांच्या पाहुण्याने हाती घेऊ नयेत.

वाटेतल्या अनाथाश्रमात आठवडाभर मदत केली तर?

करू नका. अनेक देशांत अशा ठिकाणी ठेवलेल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. पाहुणे आणि देणग्या येतात म्हणून मुलं गोळा केली जातात, हा धंदा उघडकीला आलेला आहे. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने आधुनिक गुलामगिरीवरच्या २०१७ च्या अहवालात त्याची स्वतंत्र दखल घेतली होती. शिवाय दर आठवड्याला नवा माणूस येऊन लळा लावून निघून जातो, त्याचा मुलांवर होणारा परिणाम वेगळाच.

शाळेत जायला हरकत नाही, पण आधी लेखी परवानगी घ्या आणि शाळेचे किंवा संस्थेचे बालसुरक्षेचे नियम मागा. ‘असं काही नाही, या हवं तेव्हा’ असं उत्तर आलं तर ते आदरातिथ्य समजू नका, धोक्याची खूण समजा. मुलांसोबत एकट्याने थांबू नका. चेहरा, शाळेचं नाव आणि जागा एकाच फोटोत येऊ देऊ नका.

पर्यटक व्हिसावर स्वयंसेवा चालते का?

प्रत्येक देशाचं वेगळं आहे, आणि गफलत इथेच होते. ‘पैसे घेत नाही म्हणजे ते काम नाही’ हा आपला समज झाला. अनेक देशांचा कायदा बिनपगारी कामालाही काम मानतो. ब्रिटनमध्ये पाहुण्याला नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी एकूण ३० दिवसांपर्यंत स्वयंसेवा करता येते, तीही भेटीचा मुख्य उद्देश दुसरा असेल तरच. इतरत्र वेगळा व्हिसा लागू शकतो. यजमान संस्थेलाच विचारा आणि उत्तर लेखी घ्या. विमानतळावरच्या अधिकाऱ्यासमोर ‘सेवा करायला आलोय’ असं उत्साहाने सांगून परत पाठवले गेलेले लोक कमी नाहीत. खोटं बोलू नका, पण ज्यासाठी व्हिसा मिळालाय तेवढंच करा.

डॉक्टर, परिचारिका, दंतवैद्य यांना त्या देशातली नोंदणी नसेल तर रुग्ण तपासता येत नाही, मग शिबिर कितीही चांगलं असो.

लोकांकडून निधी गोळा करायचा आहे. हिशेब कसा ठेवावा?

प्रवासखर्च आणि देणगी कधीही एका खात्यात येऊ देऊ नका. सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे देणगीदाराने थेट संस्थेच्या खात्यात पैसे भरायचे आणि पावतीही संस्थेनेच द्यायची. तुमच्या हातात रक्कम आलीच नाही तर निम्मे वाद मिटतात. प्रवासासाठी प्रायोजक घेत असाल तर तसं उघड लिहा: ‘हे पैसे माझ्या इंधनाचे आणि मुक्कामाचे आहेत.’ लोक त्यालाही पैसे देतात. लपवलं तर मात्र चिडतात, आणि त्यांचं काही चुकत नाही.

काही देशांत परदेशातून देणगी घ्यायला संस्थेला सरकारी परवानगी किंवा वेगळं खातं लागतं. पैसे पाठवण्याआधी संस्थेला हे विचारा. नाहीतर रक्कम बँकेत अडकते आणि चौकशीला तोंड देत बसते ती संस्था.

कपडे, वह्या, औषधं सोबत नेऊन वाटली तर?

जुने कपडे नेऊ नका. वह्या तिथल्याच दुकानातून घ्या. वजन वाचतं, पैसाही तिथेच राहतो. औषधांचं प्रकरण अवघड आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार दान केलेली औषधं पोहोचतील तेव्हा त्यांची मुदत किमान एक वर्ष शिल्लक असावी आणि ती घेणाऱ्याने मागितलेली असावीत. घरात उरलेल्या गोळ्या या दोन्हींत बसत नाहीत. सीमेवर एकसारख्या वस्तूंचे पन्नास नग दिसले की तो व्यापारी माल ठरतो आणि त्यावर शुल्क लागतं.

मार्ग आखायला सुरुवात कुठून करू?

ऋतूंपासून. ताजिकिस्तानातल्या पामीर महामार्गावरची अक-बैताल खिंड ४,६५५ मीटरवर आहे, तिथे उन्हाळ्यात जायचं. दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडच्या पॅटागोनियाला डिसेंबर ते फेब्रुवारी. पश्चिम आफ्रिकेत साधारण जून ते सप्टेंबर कच्चे रस्ते चिखलात जातात. हे तीन-चार खिळे नकाशावर ठोकले की दिशा आणि निघायचा महिना आपोआप ठरतो.

मग बंद दारं बघा. मोरोक्को आणि अल्जीरिया यांच्यातली सीमा १९९४ पासून बंद आहे. २०२१ च्या लष्करी उठावापासून म्यानमारमधून वाहनाने आरपार जाण्याचा भरवसा धरता येत नाही. पनामा आणि कोलंबिया यांच्यामध्ये डॅरियनचं जंगल आहे. तिथे सुमारे १०० किलोमीटर रस्ताच नाही. चीनमध्ये परदेशी वाहन नेता येतं, पण तिथल्या एजन्सीमार्फत, सोबत गाइड, तात्पुरती नंबर प्लेट आणि तात्पुरतं लायसन्स घेऊन. तो खर्च गटात वाटला गेला तरच परवडतो.

आता या मार्गावर कामाचे मुक्काम टाका. एका महिन्यात दोनच ठिकाणी काम ठेवा, प्रत्येकी निदान पाच दिवस. जास्त ठरवलं तर पहिल्या बिघाडातच सगळ्या तारखा कोसळतात आणि एखादी शाळा तुमची वाट बघत बसते.

पासपोर्ट आणि व्हिसा यांत हमखास काय चुकतं?

व्हिसाची मुदत आणि राहण्याची मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘तीन महिने वैध, ३० दिवस मुक्काम’ याचा अर्थ तीन महिन्यांच्या आत शिरायचं आणि शिरल्यापासून ३० दिवसांत निघायचं. लांबच्या प्रवासात अनेक व्हिसा निघण्याआधी काढून उपयोग नसतो. तिथे पोहोचेपर्यंत ते संपलेले असतात. ते वाटेत काढावे लागतात. पण काही वकिलाती फक्त त्या देशात राहणाऱ्यांचेच अर्ज घेतात. त्यामुळे कोणता व्हिसा कोणत्या शहरात काढायचा, याचा तक्ता निघण्यापूर्वीच तयार हवा.

युरोपातल्या शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येणारा गट) कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. हे १८० दिवस मागे मोजायचे असतात, रोज नव्याने. एक दिवस बाहेर जाऊन आलं की मोजणी शून्यावर येते हा गैरसमज आहे. त्या व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा वैद्यकीय विमाही लागतो.

पासपोर्टची मुदत अपेक्षित परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने, आणि जास्त पानांची पुस्तिका मिळत असेल तर तीच घ्या. भरलेला पासपोर्ट परदेशात बदलला की जुन्या पासपोर्टचा क्रमांक असलेले व्हिसा, कार्नेट (गाडीची हमीपुस्तिका, पुढचा प्रश्न बघा) आणि पिवळ्या तापाचं प्रमाणपत्र, सगळ्यांची सांगड घालत बसावं लागतं.

कार्नेट म्हणजे काय? सगळीकडे लागतं का?

कार्नेट म्हणजे ‘हे वाहन आम्ही परत बाहेर नेणार, विकणार नाही’ अशी हमी देणारी पुस्तिका. ती मान्यताप्राप्त ऑटोमोबाइल क्लब देतो, मुदत एक वर्ष. त्यासाठी डिपॉझिट किंवा बँक गॅरंटी द्यावी लागते. रक्कम वाहनाची किंमत आणि मार्गातले देश यांवरून ठरते, आणि काही देशांसाठी ती वाहनाच्या किमतीच्याही वर जाते. इराण, पाकिस्तान, भारत, इजिप्त इथे कार्नेट मागतात. युरोप आणि अमेरिकेच्या दोन्ही खंडांत सहसा लागत नाही. दक्षिण अमेरिकेत सीमेवरच तात्पुरत्या आयातीचा कागद करून देतात.

प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. एक आत शिरताना कस्टम्स काढून घेतं, दुसरा बाहेर पडताना, आणि तिसरा पुस्तिकेत राहतो. त्या तिसऱ्या भागावर आगमन आणि निर्गमन असे दोन्ही शिक्के हवेत. सगळा जीव या दुसऱ्या शिक्क्यात आहे. रात्री उशिरा, पावसात, मागे ट्रक हॉर्न देत असताना अधिकारी हात हलवून ‘जा’ म्हणतो आणि आपण निघतो. वर्षभराने त्या देशाकडून क्लबकडे आयातशुल्काची मागणी येते आणि डिपॉझिट अडकतं. खिडकीपासून हलण्याआधी पान उघडून शिक्का, तारीख आणि सही बोटाने तपासा. शिक्का राहूनच गेला तर वाहन देशाबाहेर असल्याचा दाखला कस्टम्सकडून किंवा वकिलातीकडून घेता येतो, पण त्याला महिने लागतात.

कार्नेट हातात आल्यावर चासी आणि इंजिन क्रमांक गाडीवरच्या आकड्यांशी एकेक अक्षर जुळवून पाहा. प्रवासात इंजिन बदलायची वेळ आलीच तर आधी क्लबला कळवा, कारण क्रमांक जुळला नाही की पुढची सीमा बंद.

आंतरराष्ट्रीय लायसन्स एकच पुरतं का?

नाही. १९४९ च्या जिनिव्हा करारानुसारचं वेगळं आणि १९६८ च्या व्हिएन्ना करारानुसारचं वेगळं. पहिल्याची मुदत एक वर्ष, दुसऱ्याची कमाल तीन वर्षं. जपान फक्त १९४९ चं मानतो. चीनमध्ये दोन्ही चालत नाहीत. मूळ लायसन्स नेहमी सोबत हवं. नुसतं आंतरराष्ट्रीय दाखवलं तर त्याला अर्थ नाही.

वाहनाचा तिसऱ्या पक्षाचा विमा बहुतेक ठिकाणी सीमेवर मिळतो. आफ्रिकेच्या पूर्व आणि दक्षिण भागातल्या अनेक देशांत कोमेसा या देशगटाचं पिवळं विमा कार्ड चालतं, पश्चिम आफ्रिकेत इकोवास या देशगटाचं तपकिरी कार्ड. एकदाच घ्यायचं, पुढे दर सीमेवर पुन्हा पैसे भरावे लागत नाहीत.

गाडी समुद्रापार कशी पाठवायची?

मोटारसायकल विमानानेही जाते, चारचाकी जहाजाने. जहाजात दोन पद्धती. रो-रोमध्ये गाडी चालवत आत नेतात. स्वस्त पडते, पण किल्ली सोडावी लागते आणि आतल्या वस्तू चोरीला जाण्याचा धोका राहतो. कंटेनरमध्ये कुलूप तुमचं. वीस फुटी कंटेनरची आतली लांबी सुमारे ५.९ मीटर, रुंदी २.३५ मीटर, पण दरवाजाची उंची २.२८ मीटरच्या आसपास. छतावर तंबू किंवा पेटी बसवण्याआधी हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा.

भाड्याचा आकडा बघून निर्णय घेऊ नका. खरा खर्च पोहोचायच्या बंदरात निघतो: हाताळणी, एजंट, कागदपत्रं, आणि मोफत दिवस संपल्यावर रोज चढणारं साठवणीचं भाडं. म्हणून मोठ्या सणांच्या सुट्ट्यांत गाडी पोहोचेल असं करू नका. बिल ऑफ लेडिंगवरचं (जहाज कंपनीने दिलेल्या मालाच्या पावतीवरचं) नाव पासपोर्टवरच्या नावाशी तंतोतंत जुळलं पाहिजे. कार्नेटवर निर्गमनाचा शिक्का गाडी चढवण्याआधी घ्यायचा. टाकीत इंधन थोडंच ठेवतात आणि बॅटरीची तार सोडतात.

डॅरियन टाळायला पनामातल्या कोलोनहून कोलंबियातल्या कार्ताहेनाला कंटेनर जातो. दोन गाड्यांनी एक कंटेनर वाटून घ्यायची पद्धत रूढ आहे, त्यामुळे जोडीदार शोधायला आधीपासून लागा.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला पाठवताना गाडी नुसती धुतलेली नाही, खरवडून साफ केलेली हवी. रेडिएटरच्या जाळीत अडकलेलं गवताचं बी, मडगार्डच्या आतली माती, पायपुसण्याखालचा धान्याचा दाणा, काहीही सापडलं तर तुमच्या खर्चाने पुन्हा सफाई होते. १ सप्टेंबर ते ३० एप्रिल या काळात ठरावीक देशांतून निघालेल्या मालाला दुर्गंधी सोडणाऱ्या एका ढेकणासारख्या किडीच्या बंदोबस्तासाठी प्रक्रिया करावी लागते, तोही खर्च धरा.

कोणतं वाहन घ्यावं?

जे वाटेतल्या मेकॅनिकला उघडता येईल ते. नव्या डिझेल गाड्यांची धूर गाळण्याची यंत्रणा जास्त गंधकाच्या डिझेलवर बंद पडते. मध्य आशियातल्या काही पंपांवर ८० ऑक्टेनचंच, म्हणजे हलक्या प्रतीचं पेट्रोल मिळतं. त्यावर जास्त कॉम्प्रेशनचं इंजिन ठोकल्यासारखा आवाज करतं. अशा वेळी खालच्या गिअरमध्ये राहा, कमी वेगावर अ‍ॅक्सिलरेटर पिळू नका.

मोटारसायकलचा सांगाडा सहसा मागे, सामानाचा रॅक जोडला असतो तिथल्या वेल्डिंगपाशी तडकतो. कारण एकच: जास्त वजन, तेही चाकाच्या आसाच्या मागे. पूर्ण सामान लादून निदान १,००० किलोमीटर खराब रस्त्यावर चालवून बघा, मग सगळे नटबोल्ट पुन्हा आवळा. जे सामान या फेरीत एकदाही उघडलं नाही, त्यातलं बरंचसं घरी ठेवा. सुटे भाग मोजकेच: क्लच आणि ब्रेकचा दांडा, दोन्ही चाकांची ट्यूब, चेनची जोडकडी, फ्यूज, स्पार्क प्लग, ब्रेक पॅड, इंधनाचा फिल्टर, इपॉक्सी पुट्टी. नवी क्लच केबल जुन्या केबलच्या शेजारूनच ओवून टेपने बांधून ठेवा. जुनी तुटली की दोन टोकं बदलायची, टाकी उतरवायची गरज नाही.

लशी आणि औषधांची तयारी कधी सुरू करू?

प्रवासी आरोग्य केंद्रात दोन-तीन महिने आधी जा, कारण काही लशींचे डोस अंतराने असतात. पिवळ्या तापाची लस घेतल्यावर प्रमाणपत्र १० दिवसांनी लागू होतं. ११ जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर वैध धरलं जातं. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेत ते पासपोर्टइतकंच जपा.

रेबीजची लस आधी घेतलेली असली तरी कुत्रा चावल्यावर जखम साबण-पाण्याने १५ मिनिटं धुऊन पुढचे डोस घ्यावेच लागतात. फायदा असा की इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागत नाही, जे आडबाजूला मिळणं सर्वांत कठीण.

मलेरियाच्या गोळ्या मलेरियाच्या भागातून बाहेर पडल्यावरही चालू ठेवायच्या असतात: डॉक्सीसायक्लिन चार आठवडे, अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल सात दिवस. लोक परत निघाल्याच्या आनंदात इथेच थांबतात. कोणती गोळी घ्यायची ते डॉक्टरांनी ठरवायचं.

पाणी खळखळून एक मिनिट उकळा, २,००० मीटरच्या वर तीन मिनिटं. जुलाब झाले आणि ओआरएसचं पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. ३,००० मीटरच्या वर झोपायची उंची दिवसाला ५०० मीटरहून जास्त वाढवू नका.

रोजची औषधं मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या. ट्रॅमाडॉल आणि कोडीन ही वेदनाशामकं संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित आहेत. स्यूडोएफेड्रिनचं प्रमाण जास्त असलेली सर्दीची औषधं जपानमध्ये नेता येत नाहीत.

वैद्यकीय विम्यात काय बघायचं?

वगळलेल्या गोष्टींचं पान आधी वाचा. मोटारसायकलच्या इंजिनाची क्षमता, उंचीची मर्यादा, अंगमेहनतीची स्वयंसेवा, आणि सलग प्रवासाचे कमाल दिवस, हे चार मुद्दे नेहमी तिथे दडलेले असतात. आणीबाणीत हलवण्याचा खर्च समाविष्ट नसेल तर ती पॉलिसी या प्रवासासाठी निरुपयोगी आहे.

पैसे कसे न्यावेत?

दोन वेगळ्या बँकांची, दोन वेगळ्या नेटवर्कची कार्डं, वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेली. इराणमध्ये व्हिसा-मास्टरकार्ड चालत नाहीत. मार्च २०२२ पासून रशियातही बाहेरच्या बँकांची ही कार्डं बंद आहेत. अशा टप्प्यांसाठी रोख डॉलर लागतात. नोटा नव्या, न दुमडलेल्या, शाई किंवा शिक्का नसलेल्या हव्यात. एटीएम ‘तुमच्या चलनात आकारू का’ असं विचारतं तेव्हा नाही म्हणा, स्थानिक चलन निवडा. बँकेचा ओटीपी परदेशात येतो का, हे निघण्याआधी रोमिंग चालू करून तपासा.

अंदाजपत्रकात २० टक्के राखीव ठेवा, आणि परतीच्या तिकिटाचे पैसे त्याच्याही बाहेर.

सॅटेलाइट फोन, ड्रोन, पॉवर बँक?

भारतासह काही देशांत परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणं गुन्हा आहे; परदेशी प्रवाशांना त्यासाठी अटक झालेली आहे. मोरोक्को आणि इजिप्तमध्ये ड्रोन नेऊच नका. पॉवर बँक विमानात फक्त हातातल्या सामानात, १०० वॉट-तासांपर्यंत बिनपरवानगी. २०,००० मिलिअँपिअर-तासांची साधारण ७४ वॉट-तास भरते.

पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण झाली असं कधी म्हणता येतं?

विक्रम नोंदवायचा नसेल तर तुम्ही म्हणाल तेव्हा. सायकलच्या गिनीज विक्रमासाठी मात्र किमान २९,००० किलोमीटर प्रत्यक्ष सायकलवर आणि एकूण प्रवास विषुववृत्ताच्या लांबीइतका, म्हणजे ४०,०७५ किलोमीटर तरी लागतो. शिवाय पृथ्वीच्या गोलावर एकमेकांच्या बरोबर विरुद्ध बाजूला येणारी दोन ठिकाणं गाठावी लागतात. विक्रम आणि सामाजिक काम एकत्र करू नका. विक्रमाला थांबायला परवानगी नसते आणि कामाला थांबावंच लागतं.

प्रवास मध्येच सोडावा लागला तर?

त्याचा कागद निघण्याआधी करा. उरलेल्या भेटी कोण कळवणार, जमलेला निधी संस्थेकडेच राहणार हे देणगीदारांना आधीच सांगितलंय का, गोळा केलेल्या नोंदी कोणाकडे जाणार, हे त्यात लिहा. गाडी सोडून द्यावी लागली तर ती नुसती टाकून येता येत नाही. कार्नेट असेल तर गाडी कस्टम्ससमोर जमा करून किंवा नष्ट करून दाखला घ्यावा लागतो, आणि चोरी झाली तर पोलिसांच्या तक्रारीची प्रत. घरच्या एका विश्वासू माणसाकडे पासपोर्ट, विमा, कार्नेट यांच्या प्रती आणि क्लबचा संपर्क द्या, शिवाय तुमच्या वतीने बँकेत सही करता येईल असं मुखत्यारपत्रही. ते परदेशातून करायचं म्हटलं तर वकिलातीच्या वेळेवर सगळं अडतं.